काळी, हिरवी, पिवळी : बाळाच्या शीचा इतिहास

घरात बाळ जन्मले की पहिले काही दिवस सगळ्यांचे लक्ष दोनच गोष्टींकडे असते. बाळ प्यायले का आणि बाळाला शी झाली का? आमच्या घरी मुलगी जन्मली तेव्हा आमच्यापाशी विज्ञानातली डॉक्टरेट होती आणि प्रयोगशाळेतला बऱ्याच वर्षांचा अनुभवही होता. तरीही पहिल्या दिवशी लंगोट सोडला आणि आत डांबरासारखा काळा, चिकट, पुसता पुसला न जाणारा पदार्थ दिसला तेव्हा आम्ही घाबरलो. आजी शांतपणे म्हणाल्या, "पोटातलं आहे ते, निघायलाच हवं." तिसऱ्या दिवशी शी हिरवट झाली. आम्ही पुन्हा घाबरलो. पाचव्या दिवशी ती फेटलेल्या मोहरीसारखी पिवळी, पातळ आणि दाणेदार झाली, तीही दिवसातून सात-आठ वेळा! हे जुलाबच, असे समजून आम्ही डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अंगावर पितेय ना? मग असंच असतं."

'असंच असतं' या उत्तराने आमच्यातला बाप निर्धास्त झाला, पण संशोधकाचे समाधान होईना. असेच असते हे ठरवले कोणी? कधी? आणि कशाच्या आधारावर? आजारी बाळाच्या शीची तपासणी होते हे आपण समजू शकतो. पण ठणठणीत बाळाची शी तपासायला कोण कशाला जाईल? शोध घेऊ लागलो तेव्हा लक्षात आले की या साध्या प्रश्नामागे दोन हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यात पुष्कळ बाळांचे प्राण गुंतलेले आहेत.

अफूचा रस

बाळाच्या पहिल्या काळ्या शीला वैद्यकात 'मेकोनियम' म्हणतात. ग्रीक भाषेत 'मेकोन' म्हणजे अफूचे झाड. त्याच्या काळसर, चिकट रसाशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले असावे. अॅरिस्टॉटलच्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, याचे वर्णन आहे. ही शी पहिल्याच दिवशी होते, ती डांबरासारखी काळी असते आणि बाळ दूध पिऊ लागले की तिचा रंग दुधाळ होतो, असे तो सांगतो. गंमत म्हणजे मेकोनियम हा शब्द आपला नाही, बायका तसे म्हणतात, अशी नोंदही तो करतो. म्हणजे ही माहिती मुळात सुइणींची. त्यांनी शेकडो बाळांचे लंगोट बदलले होते, त्यामुळे स्वाभाविक काय ते त्यांना ठाऊक होते.

हा पदार्थ येतो कुठून? गर्भ पोटात असताना गर्भजल गिळत असतो. त्या पाण्याबरोबर त्वचेच्या सुटलेल्या पेशी आणि अंगावरची बारीक लव पोटात जाते. त्यात आतड्याच्या झडलेल्या पेशी, चिकट स्राव आणि पित्त मिसळते. पित्तातल्या रंगद्रव्यांमुळे तो काळपट हिरवा दिसतो. त्याला शीचा म्हणून जो वास असतो तो जवळजवळ नसतोच. असे का, ते पुढे येईलच.

सुइणींना जे दिसत होते त्याचा अर्थ लावण्यात मात्र विद्वान चुकले. ही काळी शी म्हणजे साचलेली घाण, ती औषध देऊन बाहेर काढली पाहिजे, असा समज युरोपात शतकानुशतके टिकला. त्याच्या जोडीला दुसरा समज होता, आईचे पहिले दूध वाईट असते हा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या सोरेनस या ग्रीक वैद्याने पहिले वीस दिवस आईचे दूध अपायकारक मानले होते आणि सुरुवातीला मध चाटवायला सांगितले होते. आपल्याकडेही सुश्रुतसंहितेत बाळाला प्रथम मध-तूप देण्याचा विधी आहे आणि आईला दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर येते असे म्हटले आहे. चीक पिळून टाकण्याची आणि मधाचे बोट लावण्याची पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

१७४८ साली विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने बालसंगोपनावर एक छोटी पुस्तिका लिहिली. बाळ जन्मताच त्याच्या घशात लोणी-साखर आणि तेल कोंबण्याच्या चालीवर त्याने तीत कडाडून टीका केली. बाळाला लवकर आईच्या अंगावर घ्या, पहिले दूध हाच निसर्गाने दिलेला रेचक आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते खरे होते. चिकामुळे आतड्याची हालचाल वाढते आणि काळी शी लवकर निघून जाते. म्हणजे ज्या कामासाठी रेचक शोधले जात होते ते काम करणारे दूधच फेकून दिले जात होते! हा प्रश्न आजही पुरता मिटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण सुमारे ४२ टक्केच होते.

म्युनिकचा तरुण डॉक्टर

आता आपण एकदम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ. स्थळ जर्मनीतले म्युनिक शहर. भोवतालच्या बव्हेरिया प्रांतात तेव्हा जन्मलेल्या तीन-चार बाळांपैकी एक वर्षाच्या आत दगावत असे. तिथे बाळाला अंगावर पाजण्याची चाल फारच कमी होती. पिठाची खळ आणि गाईचे दूध यांवर मुले वाढवली जात. उन्हाळा आला की जुलाबांची साथ येई आणि लहान शवपेट्यांची रांग लागे.

ही जंतुशास्त्राच्या भरभराटीची वर्षे होती. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा आणि १८८३-८४ मध्ये पटकीचा जंतू शोधला होता. साहजिकच अनेक संशोधक बाळांच्या जुलाबांचा जंतू शोधू लागले. आजारी बाळाची शी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी तर तिथे जंतूंची नुसती गर्दी! त्यातला गुन्हेगार कोणता आणि निव्वळ रहिवासी कोणता?

थिओडोर एशेरिश हा तेव्हा २७ वर्षांचा होता आणि मुलांच्या रुग्णालयात काम करत होता. १८८४ मध्ये नेपल्सला जाऊन त्याने पटकीची साथ जवळून पाहिली होती आणि जंतू वेगवेगळे करून वाढवण्याचे कॉखचे तंत्र शिकून घेतले होते. त्याने प्रश्न उलटा केला. निरोगी बाळाच्या आतड्यात कोण राहते हे ठाऊक नसेल, तर आजारी बाळाच्या आतड्यात उपरा कोण हे ओळखणार कसे? म्हणून त्याने निरोगी बाळांचे लंगोट तपासायला घेतले. हे काम निष्फळ वाटण्याजोगे आहे, याची त्याला कल्पना होती. ज्या पदार्थात हजार योगायोगांनी काहीही येऊन पडू शकते त्यात नियम सापडेलच कशावरून? पण त्याला नियम सापडला.

१४ जुलै १८८५ रोजी त्याने म्युनिकच्या एका शास्त्रीय मंडळापुढे आपले निष्कर्ष मांडले. पहिला निष्कर्ष असा की अगदी पहिल्या काळ्या शीत जंतू सापडत नाहीत. ते बाहेरून येतात आणि जन्मानंतरच्या काही तासांत, फार तर दिवसाभरात दिसू लागतात. काळ्या शीला वास का नसतो याचे उत्तर इथे मिळते. शीचा वास ही बहुतांशी जंतूंची करणी आहे. दुसरा निष्कर्ष असा की बाळ दूध पिऊ लागले की ही वस्ती बदलते आणि तिच्यात ठरावीक जंतू पुन्हा पुन्हा आढळतात. त्यांतल्या एका आखूड दंडगोल जंतूला त्याने 'बॅक्टेरियम कोलाय कम्यून' म्हणजे मोठ्या आतड्यातला सर्वसाधारण जीवाणू असे नाव दिले. पुढे १९१९ मध्ये एशेरिशच्या सन्मानार्थ त्याचे नाव बदलले गेले. तोच आपला एशेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय! जगातल्या प्रयोगशाळांनी सर्वांत जास्त अभ्यासलेला आणि १९८२ पासून मधुमेहींना मानवी इन्सुलिन बनवून देणारा हा जीवाणू असा बाळांच्या लंगोटात सापडला. त्याच्या काही जाती रोगकारक असतात हे नंतर कळले. पण तेही कळू शकले, कारण साधा, निरुपद्रवी ई. कोलाय कसा असतो हे आधी ठाऊक होते.

२०१० नंतरच्या दशकात काही संशोधकांनी गर्भाशयातही जीवाणूंची वस्ती असते असा दावा केला. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने ५३७ स्त्रियांच्या वारेची तपासणी करून तशी वस्ती नसल्याचा निष्कर्ष काढला. एशेरिशचे निरीक्षण अजून तरी भक्कम उभे आहे.

न झालेली शी

एशेरिशने आपले सविस्तर पुस्तक १८८६ मध्ये काढले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कोपनहेगनचे डॉक्टर हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन बाळांची हकीकत सांगितली. या बाळांना जन्मापासून शी नीट होत नव्हती आणि दोघेही वर्षाच्या आत दगावले. शवविच्छेदनात मोठे आतडे फुग्यासारखे ताणलेले दिसले. सहाजिकच त्या फुगलेल्या भागातच रोग आहे असे सर्वांना वाटले आणि पुढची कित्येक दशके उपचार त्याच भागावर होत राहिले. रोग खरे तर त्याच्या खाली, दिसायला अगदी धड अशा अरुंद भागात होता. तिथे आतड्याला हालचाल करायला लावणाऱ्या चेतापेशीच नव्हत्या. शी पुढे सरकत नसल्याने वरचा धडधाकट भाग फुगत होता. अमेरिकेत ऑर्व्हर स्वेन्सन यांनी हा अरुंद भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया १९४८ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून ही मुले वाचू लागली.

पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिली शी २४ तासांत आणि जवळपास सर्वांना ४८ तासांत होते. तोवर झाली नाही तर तपासणी करतात ती या रोगाच्या शंकेने. अॅरिस्टॉटलला सुइणींनी सांगितलेला 'पहिला दिवस' असा आजही उपयोगी पडतो.

जाळे तसा मासा

एशेरिशच्या कामात एक उणीव राहून गेली. त्याने वाढवले ते मुख्यतः हवेत वाढणारे जीवाणू. पण आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. कोळ्याच्या जाळ्याची भोके मोठी असली तर तळ्यात लहान मासेच नाहीत असे त्याला वाटणार! पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए याने प्राणवायू टाळून जीवाणू वाढवले. त्याला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक वेगळाच जीवाणू प्रचंड संख्येने सापडला. त्याला इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे फाटे फुटलेले होते, म्हणून त्याचे नाव 'बिफिडस', म्हणजे दुभंगलेला. १९०० साली तिसिएचा प्रबंध प्रसिद्ध झाला. अंगावर पिणाऱ्या आणि बाटलीने पिणाऱ्या बाळांच्या शीत जो फरक आयांना डोळ्यांनी आणि नाकाने कळत होता, त्याचा पत्ता आता लागला. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, सैल आणि आंबूस वासाची असते. बिफिडस जीवाणू आम्ले तयार करतात हे त्याचे एक कारण. वरच्या दुधावरच्या बाळाची शी फिकट, घट्ट आणि अधिक उग्र वासाची असते.

पण बिफिडसला आईच्या दुधात असे काय आवडते? १९५४ मध्ये पॉल ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मानवी दुधातल्या काही विशिष्ट शर्करासाखळ्यांवर हे जीवाणू पोसले जातात. आज अशा दीडशेहून अधिक साखळ्या ठाऊक आहेत. दुधाच्या घन भागात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्याखालोखाल त्यांचाच क्रमांक लागतो. विशेष म्हणजे बाळाला स्वतःला त्या पचत नाहीत! आई बाळाला पाजते तेव्हा त्याच्या आतड्यातल्या वस्तीलाही जेवू घालते. ही वस्ती घातक जंतूंना जागा मिळू देत नाही. पिवळ्या लंगोटाकडे पाहून आम्ही धास्तावलो होतो, तो खरे तर या व्यवस्थेच्या सुखरूपपणाचा पुरावा होता.

पांढरी शी

आता एक कमी सुखाची हकीकत. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याचे बाळ दोन महिन्यांचे होऊनही पिवळे दिसत होते. "कोवळ्या उन्हात धरा, जाईल," असे घरीदारी सगळे सांगत होते. शी फिकट, जवळजवळ खडूसारखी होती. "दूधच पितंय ना, मग पांढरी असणारच," असे म्हणून तीही सोडून दिली गेली. आम्हीसुद्धा ते लंगोट पाहिले होते आणि काही बोललो नव्हतो. निदान झाले तेव्हा बाळ साडेतीन महिन्यांचे होते आणि यकृत बरेच खराब झाले होते.

या रोगाला बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तातून आतड्यात सोडते. बाळाच्या शीचा पिवळा रंग त्याचाच. मोठ्यांच्या आतड्यात जीवाणू त्याचे रूपांतर तपकिरी द्रव्यात करतात, म्हणून मोठ्यांची शी तपकिरी. बिलिअरी अट्रेशियात यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजतात. पित्त आतड्यात पोहोचतच नाही. शी पांढुरकी होते, लघवी गडद होऊन लंगोटाला डाग पडतो आणि साचलेल्या पित्ताने यकृत खराब होत जाते. म्हणजे दुधाने शी पांढरी होते हा समजच मुळात चुकीचा आहे.

हा रोग असाध्य मानला जाई. जपानमधल्या सेंडाई येथील मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात आतडे थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिचे यश वेळेवर अवलंबून असते. साधारणपणे ६० दिवसांच्या आत ती झाली तर आशा अधिक. मग अडचण उरली ती निदानाची. नवजात बाळाला कावीळ होणे नेहमीचेच, आणि शीचा रंग आईने डॉक्टरांना शब्दांत सांगायचा. 'पिवळसर' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा!

जपानमध्येच अकिरा मात्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय काढला. त्यांनी शीच्या सात छटा छापलेले एक कार्ड तयार केले. आईने लंगोट कार्डाशी जुळवून पाहायचा. १९९४ पासून तोचिगी प्रांतात ते वापरात आले. तैवानने २००४ पासून ते देशातल्या सर्व बाळांसाठी आरोग्यपुस्तिकेतच छापले आणि शस्त्रक्रिया वेळेत होणाऱ्या मुलांचे प्रमाण तिथे वाढले. २०१२ मध्ये जपानने ते देशभर लागू केले. यंत्र नाही, रसायन नाही, फक्त रंगीत छपाई. अॅरिस्टॉटलच्या सुइणींचे ज्ञान जणू पुन्हा आयांच्या हाती आले.

नॉर्मल कशाला म्हणायचे?

इतक्या लोकांच्या कामातून जमलेली माहिती थोडक्यात अशी मांडता येईल :

* पहिले एक-दोन दिवस : काळी, चिकट, वास नसलेली शी. ४८ तासांत झालीच नाही तर तपासणी हवी.
* तिसरा-चौथा दिवस : हिरवट, सैल. काळी शी संपत आल्याची आणि दूध पोटात जात असल्याची खूण.
* पाचव्या दिवसापासून : अंगावरच्या बाळाची पिवळी, दाणेदार शी. दर पाजण्यानंतर झाली तरी चालते. महिन्यानंतर कधी दोन-चार दिवसांनी एकदा झाली, पण मऊ असली आणि बाळाचे वजन वाढत असले, तर तेही ठीक.
* लघवी : पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी. विटेच्या भुकटीसारखा नारिंगी डाग युरेटच्या स्फटिकांचा असू शकतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक ओले लंगोट. त्यानंतरही विटकरी डाग दिसत राहिले तर दूध पुरते आहे का ते पाहावे.
* मुलींच्या लंगोटात पहिल्या आठवड्यात क्वचित दिसणारा रक्ताचा हलका डाग : आईकडून आलेली संप्रेरके कमी झाल्याचा परिणाम.
* शीत रक्त, काळी शी संपल्यावर पुन्हा काळी शी, पांढुरकी शी, किंवा दोन आठवड्यांपुढे टिकलेली कावीळ : वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

पण ही यादी पाठ करण्यापेक्षा तिच्यामागचा विचार समजणे महत्त्वाचे. पहिली गोष्ट म्हणजे नॉर्मल ही एक रेघ नसते, तो एक पट्टा असतो. दिवसाला आठ वेळा आणि चार दिवसांतून एकदा, दोन्ही त्यात बसू शकतात. दुसरी गोष्ट म्हणजे नेहमी दिसते ते सगळेच नॉर्मल नसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जुन्या-नव्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीचा पीएच १९२६ मध्ये सुमारे ५ होता, तो २०१७ पर्यंत साडेसहाच्या आसपास गेला, म्हणजे आम्लता कमी झाली, असे त्यात दिसले. बिफिडस जीवाणू कमी झाल्यामुळे असे घडले असावे, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. त्यांच्यापैकी बरेच जण असे जीवाणू विकणाऱ्या कंपनीशी संबंधित होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. तरी प्रश्न उरतोच. आज ज्याला आपण सर्वसाधारण म्हणतो, ते शंभर वर्षांपूर्वीही तसेच होते का? १९२० च्या दशकात कोणीतरी निरोगी बाळांच्या शीचा पीएच मोजून लिहून ठेवला, म्हणून निदान हा प्रश्न विचारता तरी येतो.

शाळेत पचनसंस्था शिकवताना आपण तोंडापासून सुरुवात करतो आणि शेवटाकडे आलो की वर्गात खसखस पिकते. मग आपणही तो भाग घाईने उरकतो. वर्गातल्या दोघाचौघांच्या घरी तान्हे भावंड असते. त्यांना रोजच्या रंगाची नोंद करायला सांगितले, तर पित्त, जीवाणू आणि आईचे दूध एकाच धड्यात येतील. एखाद्या मुलीने घरी जाऊन "बाळाची शी पांढरी का आहे?" असे विचारलेच, तर आम्ही त्या सहकाऱ्याच्या घरी जे बोललो नाही, ते ती वेळेवर बोललेली असेल.